निरंक सर

रकाना कोरा सोडायचा नाही. चौतीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनवर बसून पोरांना हेच ऐकवत आले. कोरा रकाना ठेवला की मागून कुणीही त्यात काहीही लिहू शकतं. म्हणून सांगण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ नको, फुली नको, ‘नाही’ नको. रकान्याच्या मधोमध, स्वच्छ अक्षरात, एकच शब्द: निरंक. आणि खाडाखोड चालणार नाही. “मॅडम, निरंक म्हणजे काय?” असं कुणी विचारलं की मी म्हणायची, “काही नाही म्हणजे निरंक. लिही, आणि मागच्याला पुढं येऊ दे.”

या शब्दाचा मला अभिमान होता. आणि याच शब्दापायी माझ्या लेकीची, बोधीची, कॉलेजातली जागा गेल्यात जमा होती. तीही माझ्याच हातानं.

माझं नाव इंदुमती होवाळ. सांगलीत मिरज रस्त्याला कृष्णाकाठ जलविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं मी मुख्य लिपिक. साठ जागांचं कॉलेज. पूर कधी येणार, किती येणार, धरणातून पाणी किती वाजता सोडायचं, हे इथं शिकवतात. ज्या गावात घरात पाणी शिरण्याची सवय झालीय, तिथं अशा कॉलेजला किती मान असेल ते सांगायला नको. बोधी सातवीत होती तेव्हा तिनं आमच्या भिंतीवर पुराची खूण पेन्सिलनं केली आणि शेजारी तारीख, वेळ लिहिली. तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

मी स्वतः राखीव जागेतून आले. बी.कॉम.ला राखीव, नोकरीला राखीव. रुजू झाले त्या दिवशी तेव्हाच्या अधीक्षकांनी विचारलं, “पूर्ण नाव?” मी सांगितलं. “हां,” ते म्हणाले, “कोट्यातल्या का.” त्या ‘हां’चा राग माझ्या पोटात अजून आहे. पूर्ण नाव विचारणाऱ्याला नाव नकोच असतं, हे आमच्या लोकांना लहानपणीच कळतं. त्याच दिवशी मी ठरवलं की मला मूल झालं तर त्याच्या अर्जावर कुणाच्या उपकाराची एक ओळ नको.

आता गद्रे सर. आमच्याकडं गणित शिकवतात, प्रवेश समितीचे अध्यक्ष. माणूस सरळ, डोकं तल्लख, पण आरक्षणाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. आणि विषय रोज चार वाजता चहाबरोबर निघायचाच.

“होवाळबाई, मला एक सांगा. पूल बांधायला इंजिनिअर निवडताना तुम्ही त्याचे गुण बघाल की त्याचे आजोबा कोण होते ते बघाल?”

“सर, तुमचे आजोबा कोण होते?”

“गणिताचे मास्तर.”

“आणि वडील?”

“तेही गणिताचेच.”

“मग तुमचे गुण बघताना मी नेमके कुणाचे बघते?”

यावर ते भडंगाची वाटी माझ्याकडं सरकवायचे. जो हरेल त्यानं वाटी सरकवायची, ही आमची पद्धत. मीही हरायची. एकदा ते म्हणाले, “बाई, मिरजेत लग्नकार्यात वाढप्याचं काम करणारे जोशी आहेत. पाच माणसं एका खोलीत. त्यांच्या पोरीला तुमच्या कुठल्या रकान्यात बसवू?” मी वाटी सरकवली.

सरांची मुक्ता आणि माझी बोधी एका वयाच्या. सरांच्या बायको सरकारी दवाखान्यात डॉक्टर, ड्यूटीचा नेम नाही. त्यामुळं शाळा सुटली की दोन्ही पोरी माझ्या टेबलाखाली. तिथं त्या वाढल्या, भांडल्या, रुसल्या, आणि रद्द झालेल्या अर्जांच्या पाठीवर गृहपाठ करत बारावीपर्यंत पोचल्या. दोघींनाही इथंच प्रवेश हवा होता.

आणि नेमका त्याच वर्षी, दोन हजार एक्केचाळीस साली, चढमापक आला.

मोर्चे, खटले, उपोषणं, सगळ्यांचं सगळं करून झालं होतं. शेवटी प्रवेश-प्रयोग मंडळ नावाचं एक मंडळ नेमलं गेलं. त्यांनी राज्यातलं एकच कॉलेज निवडलं, आमचं, आणि एका वर्षापुरतं जाहीर केलं: इथं नुसत्या गुणांची यादी नाही आणि राखीव जागाही नाहीत, चढमापक नावाचं यंत्र ठरवील. माझ्या बाजूचे लोक भडकले, सरांच्या बाजूचेही भडकले. आमच्या एकाच दारावर दोघं वेगवेगळ्या घोषणा देत उभे होते. चहा मात्र एकाच टपरीवर पीत होते.

पालकांना यंत्र समजावून सांगायचं काम सरांकडं आलं. सभागृह खचाखच भरलं होतं. सर म्हणाले, “पुराच्या वेळी आयर्विन पुलावरून पोरं कृष्णेत उड्या मारतात, बघितलंय ना? समजा, दोन पोरं तासभर पोहली. एक चार किलोमीटर गेला, दुसरा एकच. काठावरून बघणारा म्हणेल, पहिला चौपट भारी. पण पहिला पाण्याबरोबर गेला आणि दुसरा पाण्याच्या विरुद्ध, तर? पाण्याचा वेग तासाला दीड किलोमीटर धरा. मग पहिल्याचा स्वतःचा वेग अडीच. आणि दुसऱ्याचाही अडीचच.”

सभागृहात कुजबूज झाली. सर पुढं म्हणाले, “आणि गंमत अशी की पाण्याबरोबर पोहणाऱ्याला पाणी जाणवत नाही. त्याला वाटतं, हे सगळं अंतर मीच कापलं.” हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

परीक्षेतले गुण म्हणजे काठावरून मोजलेला वेग. त्यातून पाण्याचा वेग वेगळा काढायचा, हे चढमापकाचं काम. त्यासाठी तो प्रत्येक पोराची हजारभर जुळी भावंडं तयार करतो. खरी नव्हे, आकड्यांतली. डोकं तुमचंच, पण घर दुसऱ्याचं: कधी डॉक्टरच्या बंगल्यात, कधी ऊसतोडीच्या पालावर. जात दुसरी, गाव दुसरं, घरातली बोली दुसरी, पुस्तकांचं कपाट दुसरं. वीस वर्षांच्या लाखो निकालांवरून त्याला माहीत असतं की कुठल्या घरात साधारण किती गुण पडतात. तुमच्या घरानं जेवढे गुण दिले ते वजा केले, जेवढे अडवले ते मिळवले, की उरतो तो तुमचा चढ. पाठीवर आणखी कुणाला घेऊन पोहत असाल, म्हणजे दुसऱ्याला शिकवत असाल, तर ते ओझंही तुमच्या चढात धरायचं.

अर्ज मात्र कागदावर, स्वतःच्या हातानं. संगणकावरचे अर्ज पोरं यंत्राकडूनच लिहून घ्यायला लागली होती, म्हणून सरकारनं पुन्हा शाई आणली. त्या अर्जात रकाना सतरा होता: ‘शिक्षणात आपणास कोणाकोणाची मदत लाभली? नावे लिहा.’ यंत्र प्रत्येक नाव बाकीच्या सगळ्या अर्जांत शोधायचं. एखादं नाव जिथं जिथं दिसतं तिथली पोरं अपेक्षेपेक्षा वर असतील, तर तो माणूस म्हणजे पाण्याचा जोर. तेवढी वजावट.

बोधी रकाना सतरापाशी थांबली. “आई, इथं बरीच नावं आहेत.”

“एकही नाही. निरंक लिही.”

“एकही कसं नाही? आपल्या गल्लीतल्या...”

“बोधी, उद्या कुणी म्हणायला नको की आम्ही हिला हात दिला. तू तुझ्या जिवावर आलीस. लिही.”

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं. मधोमध, स्वच्छ अक्षरात. मी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मुक्ताचा अर्ज घेऊन सर आले. रकाना सतरा: निरंक. “मुक्तानं सगळं स्वतः केलंय,” सर म्हणाले. “शुद्ध गुणवत्ता.” मी त्यावरही शिक्का मारला. इतक्या वर्षांत आमच्या दोन घरांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आमचंच कशाला, एकोणीसशे अर्ज आले त्यातल्या तेराशे चाळीस जणांनी निरंकच लिहिलं होतं. सुखवस्तू घरात बाप रोज शिकवतो, पण ती मदत थोडीच, तो तर बापच. आई पहाटे उठून डबा करते, ती तर आईच. ज्यांनी नावं लिहिली ती बहुतेक वाड्यावस्त्यांवरची पोरं. त्यांना मदत झालेली लक्षात होती, कारण ती मागावी लागली होती.

यादी लागली. साठ जागा. मुक्ता सत्त्याण्णव, बोधी अठ्ठ्याऐंशी.

बोधी रडली नाही. ती बोर्डासमोर नुसती उभी राहिली, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मुक्तानं तिचं आणि स्वतःचं, दोन्ही निकालपत्रं हातात घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागली: “विशेष मार्गदर्शन, श्री. निरंक सर. प्रभाव, अत्यंत. वजावट, अकरा.” ती थांबली. “मावशी, माझ्यावरही हेच आहे. हे निरंक सर कोण?”

मला आधी हसू फुटलं. मग मी शिक्का मारलेले दोन्ही अर्ज आठवले.

यंत्राला भाषा शिकवणारी मंडळी लांबची होती. पुस्तकातली मराठी त्यांनी त्याला शिकवली, कचेरीतली शिकवायची राहिली. नावांच्या रकान्यात तेराशे चाळीस वेळा एक शब्द आला, म्हणजे ते नावच असणार. आणि ते लिहिणारी पोरं तर गुणांनी वरची. यंत्रानं सरळ निष्कर्ष काढला: या भागात निरंक नावाचे एक शिक्षक आहेत आणि त्यांच्यासारखा शिक्षक राज्यात दुसरा नाही.

पुढचे चार दिवस सांगलीत जी मजा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. मंडळानं पत्रक काढलं की निरंक सरांना उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून गौरवण्यात येईल, त्यांनी कृपया संपर्क साधावा. क्लासवाल्यांनी रातोरात फलक लावले: ‘निरंक सरांची एकमेव शाखा’. मिरजेत लगेच दुसरा: ‘खरे निरंक सर इथेच’. टपरीवर एक जण शपथेवर सांगत होता की सर त्याच्या मेहुण्याला शिकवायचे, फार कडक, पण मनानं मऊ. आणि मग व्हायचं तेच झालं. कुणीतरी विचारलं, “निरंक म्हणजे आपल्यातले की त्यांच्यातले?” एका ज्ञाती मंडळानं सत्कार ठरवला, तर दुसऱ्या मंडळानं निषेध केला की सर आमचे आहेत. आडनाव मूळचं कुठलं, कोकणातलं की सीमाभागातलं, यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. जो तो एकच विचारत होता, पूर्ण नाव काय त्यांचं?

मी गद्रे सरांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं कबूल केलं. सर हसले. चष्मा काढून, टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. एवढं हसलो की शिपाई दार उघडून बघून गेला.

मग सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, “बाई, यंत्र शब्दात चुकलं. गणितात चुकलेलं नाही.”

“म्हणजे?”

“निरंक लिहिणाऱ्या पोरांना कुणीतरी मदत केलीच होती. ती गुणांत दिसतेय, आकडा खोटं बोलत नाही. आपण तिला नाव दिलं नाही, म्हणून यंत्रानं दिलं.” ते खिडकीबाहेर बघत होते. “मी माझ्या पोरीकडून तिच्या अर्जावर लिहून घेतलं, काही नाही. तीन पिढ्या गणित शिकवणाऱ्या घरात. काही नाही.”

वाटीत भडंग नव्हतंच, नाहीतर कुणी कुणाकडं सरकवायची हाही प्रश्नच होता.

मंडळाला कळवलं. त्यांनी तोंड लपवत दुरुस्तीला तीन दिवस दिले: सगळ्यांनी नवा कागद घ्यावा, रकाना सतरा पुन्हा भरावा, खरी नावं लिहावीत. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “नियमानं सांगायला हवं म्हणून सांगतो. जेवढी नावं जास्त आणि माणसं जेवढी चांगली, तेवढी वजावट जास्त. खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं.”

घरी जाताना मी हिशेब केला. मी आई आहे हो. बोधीला म्हणाले, “एकच नाव लिही. आई. आई कारकून, गणितात कच्ची. वजावट जवळजवळ शून्य. जागा तुझी.”

बोधी हसली. “आधी म्हणालीस एकही नको. आता एकच. आई, मी पोहतेय आणि तू सारखी पाण्याचं नाव बदलतेयस.”

“जागा जाईल, बोधी.”

“गेली तर गेली. पण ज्यांनी मला शिकवलं ते नव्हतेच असं मी दोनदा लिहिणार नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. तुला कळलंही नाही.”

खरंच कळलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही पोरी माझ्या टेबलावर बसल्या, खाली मावत नव्हत्या म्हणून. बाहेर व्हरांड्यात, पायऱ्यांवर, झाडाखाली, जिथं जागा मिळेल तिथं पोरं कागद मांडीवर घेऊन बसली होती. फोन चालू होते. “आई, बालवाडीतल्या त्या बाईंचं नाव काय गं?” “बाबा, सायकलवरून सोडायचे ते काका...” एक पोरगा आपल्या बापाला फोनवर म्हणत होता, “नाही, तुम्हीपण मदतच आहात. हो. लिहितोय.” पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पोरगा बाहीनं डोळे पुसत होता आणि हसतही होता. अर्ज भरताना एवढी आनंदात असलेली पोरं मी कधी बघितली नव्हती.

बोधीनं तेवीस नावं लिहिली. मी चष्मा लावून वाचायला घेतली. त्यात मी होतेच. गल्लीतल्या शिंपीणकाकू, ज्यांच्या दुकानातल्या दिव्याखाली ती अभ्यास करायची. वाचनालयाचे मुल्लाचाचा. शाळेतल्या चार बाई. आणि अकराव्या ओळीवर: श्रीनिवास गद्रे, दर रविवारी, गणित, पाच वर्षं.

“रविवारी तुम्ही दोघी बॅडमिंटन खेळायला जायच्यात ना?” मी विचारलं.

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. दारात सर उभे होते, त्यांचे कान लाल झाले होते.

“पाच वर्षं,” मी म्हणाले. “रोज चार वाजता माझ्याशी गुणवत्तेवर भांडायचं आणि रविवारी...”

“ती प्रश्न विचारायची. चांगले प्रश्न विचारायची,” सर पुटपुटले. “मुक्ताला शिकवायचंच होतं, खडू तेवढाच लागतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाठवली नसती.”

नसतीच पाठवली. हे त्या माणसाला ठाऊक होतं, म्हणून मला जास्त राग आला, आणि त्या रागातच डोळे भरले. मी म्हणाले, “बसा आता. चहा मागवते.”

तेवढ्यात मुक्तानं तिचा कागद माझ्यापुढं धरला. पहिलं नाव बाबा नव्हतं, आईही नव्हती. पहिलं नाव होतं: ‘इंदूमावशी होवाळ. तीसपर्यंत पाढे, ऱ्हस्वदीर्घ, आणि रडू आलं की टेबलाखाली जागा.’ शेवटचं होतं: ‘बोधी. भौतिकशास्त्र आख्खं.’

सरांनी तो कागद वाचला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “बाई, आपल्यात कोण कुणाच्या पाण्यात होतं हे यंत्राला तरी कळणार आहे का?”

तीन दिवसांनी यंत्र पुन्हा चाललं. समितीच्या खोलीत पडद्यावर यादी उतरायच्या आधी मदतनिसांची यादी उतरली. निरंक सर गायब झाले होते. त्यांच्या जागी, दोनशे बारा अर्जांवर, सगळ्यांत वर एक नाव होतं: होवाळ मॅडम, खिडकी क्रमांक तीन. काहींनी पुढं लिहिलंही होतं. ‘ओरडल्या म्हणून दाखला वेळेत काढला.’ ‘शिष्यवृत्ती आहे हे त्यांनी सांगितलं.’ ‘तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा स्वतः भरून दिला.’ ‘बापाला फोन करून म्हणाल्या, पोरीला शिकू द्या.’ प्रभाव: अत्यंत.

“सापडले निरंक सर,” गद्रे सर म्हणाले.

मी पडद्याकडं बघतच राहिले. त्या पोरांना मी फक्त रागावले होते, एवढंच मला आठवत होतं. मग एकदम लक्षात आलं. “सर, म्हणजे बोधीची वजावट...”

“वाढली. घरात जिल्ह्यातली सगळ्यांत प्रभावी बाई आहे. नऊ वजा.” सर पडदा खाली सरकवत होते. मी डोळे मिटले. “थांबा की. तिचं नाव सतरा अर्जांवर आहे. सुट्टीत तुमच्या खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या पोरांना ती प्रकाश, दाब, गुरुत्व शिकवत बसायची, ते तुम्हाला गप्पा वाटत होत्या. सतरा जणांना पाठीवर घेऊन पोहलीय ती.” त्यांनी बोट ठेवलं. “अडतीस.”

साठातली अडतिसावी. मी खुर्चीतच बसून राहिले. बाहेर दोघी पोरी काचेला नाक लावून उभ्या होत्या. मी बोटांनी तीन आणि आठ दाखवले. बोधीला आधी त्र्याऐंशी वाटलं, मग मुक्तानंच तिला उचलून गोल फिरवलं.

मुक्ता साठात नव्हती. प्रतीक्षा यादीत तिसरी. “बाबा, तुमच्या एकट्यापायी माझे चौदा गेले,” ती आत येऊन म्हणाली. सरांना अभिमान वाटावा की वाईट वाटावं हे कळेना. ते म्हणाले, “मग मी शिकवतो बरा, असं म्हण.” आठवड्याभरात चार पोरं दुसऱ्या शहरांतल्या मोठ्या कॉलेजांना निघून गेली, दरवर्षी जातातच, आणि मुक्ता आत आली. आता दोघी वर्गात पहिल्या बाकावर बसतात आणि बोलतात म्हणून उठवल्या जातात.

यादी लागली त्या दिवशी चार वाजता सरांनी साठ जणांची नावं पुढं ओढली. जुन्या राखीव नियमानं जेवढी आमची पोरं आली असती, त्यापेक्षा तीन जास्त आली होती. “ती जुनी पट्टी आंधळी आहे असं मी जन्मभर म्हणत आलो,” सर म्हणाले. “आंधळी नव्हती. दिशा बरोबर होती, मापं ढोबळ होती.” त्यांनी वाटी सरकवली. मी यादीतलं चौथं नाव दाखवलं. मिरजेच्या वाढपी जोश्यांची पोरगी. आणि वाटी परत त्यांच्याकडं सरकवली. मग ती टेबलाच्या मधोमध राहिली. भांडण अजून चालू आहे, चहाही.

मंडळानं पुरस्कार मागं घेतला नाही. पत्रावर छापलेलं ‘श्री. निरंक सर’ तसंच ठेवून खाली शाईनं ‘ऊर्फ श्रीमती इंदुमती होवाळ’ लिहिलं. सोबत स्वीकारायचा अर्ज होता. तो मी माझ्याच खिडकीवर, गिऱ्हाईकाच्या बाजूला उभी राहून भरला. पूर्ण नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. मग रकाना नऊ: ‘आपणास कोणाचे मार्गदर्शन व साहाय्य लाभले?’

हाताला सवय. रकान्याच्या मधोमध, स्वच्छ अक्षरात, ‘नि’ लिहून झालं, तेव्हा शेजारून बोधी खोकली.

मी थांबले. खाडाखोड तर चालत नाही, नियम माझाच. पण ‘नि’ म्हणजे ‘आणि’सुद्धा होतं की. आणि मधोमध लिहिल्यामुळं त्याच्या आधी जागा शिल्लक होती. त्या जागेत मी लिहिलं: ‘राखीव जागा, सन २००२’. अधीक्षकांचा तो ‘हां’ आठवला, आणि पहिल्यांदाच नुसता आठवला. मग ‘नि’च्या पुढं लिहायला लागले. विहिरीवरच्या शाळेतले लोंढे गुरुजी, मला एसटीचा पास काढून देणारी थोरली बहीण, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई, शिंपीणकाकू, गद्रे सर. रकाना संपला. समासही संपला.

“सर,” मी आत बसलेल्या गद्रे सरांना हाक मारली, “पुरवणी द्या.”

“किती?”

“सध्या दोन.”

ते उठले आणि पुरवण्या बांधायला कपाटात दोरा शोधायला लागले.